सबचा नॉब फिरवून न सुटलेलं एक ५.१ प्रकरण

क्यूसीचा, म्हणजे तयार मिक्स तपासणाऱ्यांचा, शेरा दोन ओळींचा होता. एलएफई, म्हणजे ५.१ मधला खास बेससाठीचा वेगळा चॅनल, फार जोरात आहे, आणि म्युझिकला खाली जीव नाही. म्हणजे एकाच मिक्समधे बेस जास्तही आणि कमीही. ज्या रूममधे हे काम झालं तिथल्या मिक्सरने तो शेरा मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, "दादा, यांचं नक्की म्हणणं काय आहे? इथे तर सगळं मस्त वाजतंय." इथे मस्त वाजतंय हेच तर दुखणं होतं, पण ते कळायला मला दोन फेऱ्या लागल्या आणि पहिल्या फेरीत मी स्वतः एक गाढवपणा करून आलो. तोही सांगणार आहे, कारण ग्राफवर तो इतका सुंदर दिसत होता की कुणीही फसला असता.

आधी रूम कशी आहे ते. ५.६ मीटर लांब, ४.२ रुंद, २.८ उंच, साधारण ६६ घनमीटर. पाच सारखेच टू-वे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर, साडेसहा इंची वूफर, पोर्टवाले, खाली ४५ हर्ट्झपर्यंत कसेबसे जाणारे. एक दहा इंची अ‍ॅनालॉग सब, म्हणजे निव्वळ बेस वाजवणारा सबवूफर, समोरच्या भिंतीपाशी, मधोमध नाही, जरा डावीकडे. मिक्सरची खुर्ची रुंदीच्या बरोब्बर मधे आणि समोरच्या भिंतीपासून २.१ मीटरवर. लेफ्ट-राइट ३० अंशांवर, सराउंड ११० च्या आसपास, आयटीयूच्या बीएस ७७५ या मानकात दिलंय तसं. अंतरं टेपने मोजून डीले भरलेले होते आणि ते बरोबर होते. बेस मॅनेजमेंट, म्हणजे स्पीकरचा बेस सबकडे वळवणं, कॉम्प्युटरवरच्या मॉनिटर कंट्रोलर सॉफ्टवेअरमधे, क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांमधली सीमा, ८० हर्ट्झ, दोन्ही बाजूंना २४ डीबी पर ऑक्टेव्ह. हे सॉफ्टवेअर फक्त मॉनिटरच्या वाटेवर आहे ना, मास्टर बसवर नाही ना, हे सगळ्यात आधी बघून घेतलं. मास्टरवर बसवलेलं बेस मॅनेजमेंट थेट बाऊन्समधे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या फाइलमधे, छापलं गेलेलं मी पाहिलंय, आणि ते निस्तरणं म्हणजे परत पहिल्यापासून मिक्स.

आता ज्यांनी हे कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडं. सबमधे दोन वेगवेगळ्या गोष्टी येऊन मिळतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एक म्हणजे पाच मुख्य चॅनलचा ८० च्या खालचा बेस, जो छोट्या स्पीकरला झेपत नाही म्हणून तिकडे वळवलेला असतो. हा बेस मिक्समधे सबसाठी म्हणून लिहिलेलाच नाही, तो लेफ्टचा, सेंटरचा, सराउंडचा आहे, सब फक्त त्यांचं ओझं उचलतोय. दुसरी गोष्ट म्हणजे एलएफई, ५.१ मधला तो पॉइंट वन, जो स्वतंत्र चॅनल आहे आणि १२० हर्ट्झपर्यंत जातो. आणि एलएफईला प्लेबॅकच्या वेळी मुख्य चॅनलपेक्षा १० डीबी जास्त गेन द्यायचा असतो, हा करार आहे. कारण साधंय, स्फोट, गडगडाट असल्या गोष्टींना खाली प्रचंड लेव्हल लागते, ती मुख्य चॅनलमधे भरली तर तिथला हेडरूम तीच खाऊन टाकते, म्हणून वेगळा रस्ता आणि त्या रस्त्यावर १० डीबीची जादा जागा. १९७० च्या दशकाच्या शेवटी ७० एमएमच्या प्रिंटवर मोकळे ट्रॅक निव्वळ बूमसाठी वापरायला लागले, त्याच कल्पनेचं हे पुढचं रूप.

म्हणजे सबच्या आत जे वाजतं त्यातला वळवलेला बेस ० वर हवा आणि एलएफई +१० वर हवा. सबच्या मागे नॉब मात्र एकच असतो, आणि तो फिरवला की दोन्ही एकदम वर नाहीतर एकदम खाली जातात. हे वाक्य मी पहिल्या फेरीला जाताना स्वतःला म्हणून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली फेरी

माइक खुर्चीत डोक्याच्या जागी लावला, आरईडब्ल्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर उघडलं, लेफ्ट चॅनलला बेस मॅनेजमेंटसकट स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा टोन, दिला. ८० हर्ट्झवर विहीर. खड्डा नाही म्हणत, विहीर. सेंटरला तेच, राइटला तेच. आणि त्याच्या खाली २५ ते ६५ च्या दरम्यान एक लांबलचक फुगवटा, सरासरी ५-६ डीबीचा.

सगळ्या चॅनलला नेमक्या क्रॉसओव्हरवर खड्डा म्हणजे सब आणि स्पीकर एकमेकांना कापतायत, हे तर कुणीही सांगेल. सबच्या मागे पोलॅरिटीचा, म्हणजे आवाजाची लाट उलटी करायचा, स्विच होता, ० वर होता, १८० वर टाकला. परत स्वीप. विहीर गायब! नुसती भरली नाही, रेष सरळ, शून्यावर. मी मिक्सरला ग्राफ दाखवला, आधीचा आणि नंतरचा एकावर एक ठेवून, तो म्हणाला, "बाप रे, एका स्विचमुळे?" आणि मला जे काही वाटायचं ते वाटलं.

राहिला फुगवटा. रुंदी ४.२ मीटर, ३४३ भागिले दुप्पट रुंदी, रुंदीचा पहिला मोड, म्हणजे दोन भिंतींमधे आवाज घुमायची जागा, येतो ४१ हर्ट्झच्या जवळ. फुगवट्याचा मध्य पण ४० च्या जवळपास. झालं, रूम मोड. सबच्या आउटपुटवर ४० ला केंद्र धरून एक रुंद ईक्यू लावला, ६ डीबी कट. परत स्वीप, आता तर रेष इस्त्री केल्यासारखी. सामान आवरलं आणि निघालो.

पंधरा दिवसांनी पुढच्या कामाचा शेरा आला. म्युझिक ठीक आहे. एलएफई आधीपेक्षाही जोरात आहे, हवा त्याच्यापेक्षा जवळजवळ १० डीबीने.

मी आधी वैतागलो, कारण ग्राफ तर माझ्या डोळ्यांसमोर होता. मग त्या शेऱ्याकडे नीट बघितलं आणि लक्षात आलं की हा शेरा म्हणजे खरं तर फुकट मिळालेलं मोजमाप आहे. तक्रारीचा अर्धा भाग गेला आणि उरलेला अर्धा वाढला, म्हणजे वळवलेला बेस सुधारला आणि एलएफई बिघडला, म्हणजे त्या दोघांमधलं नातंच चुकीचं आहे, आणि मी स्वीप कशाचे घेतले होते? फक्त मुख्य चॅनलचे. एलएफईला एकदाही स्वीप दिला नव्हता. एकदाही!

आणि दुसरी गोष्ट त्याच रात्री सुचली, ती जास्त झोंबली. खुर्ची रुंदीच्या बरोब्बर मधे आहे. रुंदीच्या पहिल्या मोडचं प्रेशर भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोब्बर मधे जवळजवळ शून्य असतं. म्हणजे ४१ चा मोड त्या खुर्चीत ऐकूच यायला नको, तिथे त्याचा फुगवटा कसा दिसेल? शिवाय मोड हा अरुंद असतो, टोकदार, तो २५ पासून ६५ पर्यंत पसरून बसत नाही. मी आकडा जुळला म्हणून आकड्यावर विश्वास ठेवला. तो फुगवटा रूमचा नव्हताच. कुणीतरी सब ६ डीबी जास्त ठेवला होता, एवढी साधी गोष्ट.

दुसरी फेरी

या वेळी गेल्या गेल्या सगळं उलटं फिरवलं. माझा ईक्यू काढला, पोलॅरिटी परत ० वर, आणि मिक्सरला सांगितलं की आता तासभर तुला जे ऐकू येईल ते भयाण असेल, बोलू नकोस.

पहिला स्वीप एलएफईला. आणि माइक खुर्चीत नाही, सबच्या कोनपासून दोन-तीन सेंटीमीटरवर. इतक्या जवळ नेला की रूम जवळजवळ बाजूला पडते, फक्त सब आणि त्याच्यामागची इलेक्ट्रॉनिक्स दिसते, आणि मला आत्ता रूम नकोच होती. एलएफई सॉफ्टवेअरमधल्या ८० च्या फिल्टरमधून जात नाही, त्याला तिथे फक्त १२० चा लो-पास आहे, त्यामुळे रेष १०० च्या पुढेपर्यंत बऱ्यापैकी सरळ जायला हवी. ती ६० च्या आधीच वाकायला लागली, ८० ला ६ डीबी खाली, १०० ला १० च्याही खाली.

म्हणजे वाटेत अजून एक ८० चा फिल्टर बसलाय. सबमागे टॉर्च मारला तर क्रॉसओव्हरचा नॉब ८० वर आणि शेजारचा बायपासचा स्विच बंद. सबचा स्वतःचा लो-पास चालू होता. तो असतो स्टीरिओवाल्यांसाठी, ज्यांच्याकडे दुसरं काही बेस मॅनेजमेंट नसतं. ज्याने कुणी हे लावलं त्याने विचार केला असणार की सॉफ्टवेअरमधे पण ८०, इथे पण ८०, जुळतंय की. जुळत नाही. एकदा गाळलेलं परत गाळलं जातं.

आता हे दोनदा गाळल्यावर नेमकं काय होतं ते आकड्यात बघा, कारण माझ्या पहिल्या फेरीचा सुंदर ग्राफ कुठून आला ते इथे कळतं. २४ डीबीचा लिंकविट्झ-रायली फिल्टर क्रॉसओव्हरच्या जागी ६ डीबी खाली असतो. स्पीकर ६ खाली, सब ६ खाली, दोघांची फेज एकच, म्हणजे अर्धा अधिक अर्धा, बेरीज पूर्ण. ठीक. आता फक्त सबच्या बाजूला तसलाच अजून एक फिल्टर लावला तर सब १२ डीबी खाली जातो आणि ८० हर्ट्झवर त्याची फेज अजून १८० अंश फिरते, म्हणजे तो स्पीकरच्या बरोब्बर उलटा होतो. नुसतं एवढंच असतं तर अर्ध्यातून पाव वजा, उरलं पाव, १२ डीबीचा खड्डा. पण इथे सब ६ डीबी चढवलेला होता, म्हणून त्याचा पाव झाला अर्धा. अर्ध्यातून अर्धा वजा. ती विहीर अशी खणली गेली होती.

आणि मी पोलॅरिटी फिरवली तेव्हा उलटा होता तो सुलटा झाला, अर्धा अधिक अर्धा, रेष शून्यावर! दोन चुका आणि वर माझी तिसरी, तिघींनी मिळून ८० हर्ट्झवर एकदम अचूक उत्तर दिलं. ग्राफ खोटं बोलत नव्हता, मी त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. एलएफईच्या रेषेवर तो जादा फिल्टर पहिल्या मिनिटात उघडा पडला असता, कारण तिथे बेरीज-वजाबाकी करायला दुसरा कुणी स्पीकरच नाही. म्हणून आता कुठल्याही रूममधे माझा पहिला स्वीप एलएफईला असतो, मग बाकीचे.

सब ६ डीबी चढलाच कसा, हे मिक्सरनेच सांगितलं. "सुरुवातीला एलएफई अगदीच फुसका वाटायचा, मग थोडा थोडा नॉब वाढवत गेलो, मग बरा वाटला." फुसका वाटणारच, सॉफ्टवेअरमधे एलएफई +१० डीबी असं एक टिक करायचं खोकं होतं, ते रिकामं. शिवाय सबचा फिल्टर एलएफईचा ८० ते १२० हा ठोका देणारा भाग कापत होता. याने कानाने नॉब वाढवला आणि अशा जागी थांबला जिथे एलएफई अजून ४ डीबी कमी आहे आणि वळवलेला बेस ६ डीबी जास्त आहे. कान दोघांच्या मधे कुठेतरी तडजोड करतो, तो तरी काय करणार.

आता क्यूसीचा पहिला शेरा परत वाचा. रूममधे एलएफई ४ कमी, म्हणून मिक्समधे तो ४ जास्त टाकला गेला. रूममधे म्युझिकचा बेस ६ जास्त, म्हणून मिक्समधे तो कापला गेला. बाहेर गेल्यावर एलएफई जोरात, म्युझिकला जीव नाही. शब्द न शब्द बरोबर होता. आणि मी ४० वर ६ डीबीचा कट लावून आलो तेव्हा वळवलेला बेस बरोबर शून्यावर आला, पण एलएफई तिथे अजून ६ खाली गेला, ४ अधिक ६, दुसऱ्या शेऱ्यातले जवळजवळ १० डीबी. तोही बरोबर. क्यूसीवाला दोन्ही वेळा माझ्यापेक्षा चांगलं मोजत होता.

मग लावलं कसं

सबचा फिल्टर बायपास. गाळणं एकाच ठिकाणी, सॉफ्टवेअरमधे. नॉब खाली. परत जवळून एलएफईचा स्वीप, रेष १०० च्या पुढेपर्यंत सरळ. मग माइक खुर्चीत.

लेव्हल. मुख्य चॅनल एकेक करून, -२० डीबीएफएसचा पिंक नॉइज, मीटर सी-वेटिंग, स्लो. ८५ हा आकडा मोठ्या थिएटरसाठीचा, एवढ्याशा खोलीत ८५ ठेवलं तर माणूस दुपारपर्यंत थकतो आणि मग नकळत सगळं हळू मिक्स करायला लागतो. एटीएससीच्या ए/८५ या टीव्हीच्या मानकात खोलीच्या आकारमानाप्रमाणे ७४ ते ८२ अशी पायरी दिलीय, त्यात ही खोली ७६ मधे बसते. पाचही ७६.

मग सबचा नॉब, आणि तो लावायचा वळवलेल्या बेसवर, एलएफईवर नाही. सेंटरला पूर्ण पिंक नॉइज, आरटीए, म्हणजे फ्रीक्वेन्सीचा प्रत्येक पट्टा वेगळा दाखवणारा ग्राफ, लावून बघायचं की ८० च्या खालचे पट्टे वरच्या पट्ट्यांच्या सरासरीला येतायत का. आले की नॉब तिथेच ठेवायचा आणि त्यावर टेप मारायची. मी खरंच टेप मारली.

आणि आता ते खोकं टिक केलं. एलएफईला नॉइज दिला, आरटीएवर पट्टे बरोबर १० डीबी वर गेले. मिक्सर मीटर घेऊन उभा होता, म्हणाला, "मीटरवर तर चारच वाढलेत, ८० दाखवतंय." हे सगळ्यांचं होतं. मुख्य चॅनलचा नॉइज २० हर्ट्झपासून वर दहाएक ऑक्टेव्हमधे पसरलेला, मीटर त्या सगळ्याची बेरीज दाखवतो. एलएफईचा नॉइज १२० ला संपतो, जेमतेम अडीच ऑक्टेव्ह, शिवाय सी-वेटिंग अगदी तळाला थोडं कापतं. त्यामुळे प्रत्येक पट्टा १० ने वर असला तरी मीटरचा आकडा साधारण ४ नेच वाढतो. मीटरवर १० वाढवायला गेलात तर एलएफई ६ डीबी जास्त होईल आणि मग मिक्समधे तो कमी पडेल, म्हणजे उलट्या दिशेने तीच भानगड. आरटीए नसेल तर मीटरवरचे ४ धरून चाला, चालतं, पण आरटीए असताना मीटरवर विसंबू नका.

टिक केल्यावर एका जोरदार सीनला सॉफ्टवेअरच्या सब आउटपुटवर लाल दिवा लागला. तेही हिशोबात बसतं. पाचही चॅनलमधे तोच बेस फुल स्केलला आला तर बेरीज पाचपट, त्यात एलएफई १० डीबी वर म्हणजे तीनपटीहून जरा जास्त, एकूण आठपट, १८ डीबी. एवढं एका वेळी कुणी वाजवत नाही, म्हणून मी सबचं आउटपुट सॉफ्टवेअरमधे १२ डीबी खाली घेतलं आणि सबच्या मागचा नॉब तेवढाच वर. मारलेली टेप काढून परत मारली.

मग एकेक चॅनल सबबरोबर. याला कंटाळा करायचा नाही, लेफ्ट जमला म्हणून बाकीचे जमले असं नसतं. पद्धत जुनीच: सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करायची, ८० हर्ट्झचा टोन लावायचा आणि त्या चॅनलचा डीले अर्धा-अर्धा मिलिसेकंद हलवत सगळ्यात खोल खड्डा शोधायचा, सापडला की पोलॅरिटी परत सुलटी. उलटं जितकं खोल तितकं सुलटं घट्ट. पोर्टवाल्या स्पीकरची स्वतःची फेज खाली फिरायला लागलेली असते, त्यामुळे टेपने मोजलेला डीले आणि हा डीले यात थोडा फरक पडतो, इथे समोरच्या तिघांना अर्ध्या मिलिसेकंदाच्या आतच पडला. सेंटरचा खड्डा वीस डीबीच्या पुढे गेला, छान.

सराउंडला मात्र नऊच्या पुढे जाईना, काही केलं तरी. आणि पोलॅरिटी सुलटी केली की ९० च्या आसपास दुसराच एक खड्डा. इथे रूम खरोखर होती. सराउंड स्टँडवर होते, खुर्चीपासून १.२ मीटर, आणि त्यांच्या पाठीमागची, म्हणजे खोलीच्या बाजूची, भिंत त्यांच्यापासून ९५ सेंटीमीटर. बेस स्पीकरच्या मागे पण जातो, भिंतीवर आपटून परत येतो, ते अंतर पाव वेव्हलेंग्थएवढं असलं की परत आलेला आवाज उलटा होऊन पुढच्याला कापतो. ३४३ भागिले ४ गुणिले ०.९५, ९० हर्ट्झ. आकडा जुळला, पण या वेळी नुसत्या आकड्यावर थांबलो नाही, स्टँड वीस सेंटीमीटर मागे सरकवला, खड्डा ११४ ला गेला. म्हणजे भिंतच.

याला ईक्यू चालत नाही, तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच उलटं होऊन परत येईल. दोनच रस्ते. एक, स्पीकर भिंतीपासून १.०७ मीटरपेक्षा बराच लांब नेणं, मग खड्डा ८० च्या खाली जातो जिथे स्पीकर वाजतच नाही, सब वाजतो, ही युक्ती मला फार आवडते पण ४.२ मीटर रुंद खोलीत सराउंड जवळजवळ कानाला लागले असते. दुसरा, भिंतीला चिकटवणं. ३० सेंटीमीटरवर नेले, खड्डा २८० च्या पुढे गेला आणि तिथे मागे जाड पॅनल लावून त्याला बराच मारता येतो. कोन तोच ठेवला, अंतर वाढलं म्हणून डीले आणि लेव्हल परत लावले. मिक्सरने क्रॉसओव्हरच १०० केला तर, असं विचारलं. केला असता तर ९० चा खड्डा सबच्या ताब्यात गेला असता हे खरंय, पण मग सब ऐकू यायला लागतो, म्हणजे कुठून येतोय ते कळायला लागतं, आणि हा सब डावीकडे होता. उजव्या सराउंडमधल्या माणसाच्या आवाजाचा तळ डावीकडून समोरून आला असता.

शेवटी ईक्यू. आता जे उरलं होतं ते खरं रूमचं होतं, ६१ हर्ट्झला ५ डीबीचं टोक, अरुंद. लांबीचा दुसरा मोड आणि उंचीचा पहिला, दोन्ही ६१ ला पडतात, कारण लांबी उंचीच्या नेमकी दुप्पट. ज्याने खोली बांधली त्याला कुणी सांगितलं नसणार. सबच्या आउटपुटवर, एलएफई आणि वळवलेला बेस मिसळल्यानंतरच्या जागी, ६१ ला अरुंद कट ५ डीबी. रूम दोघांना सारखीच त्रास देते म्हणून तो दोघांना सारखा लागला पाहिजे. बस, एवढा एकच ईक्यू.

दुसऱ्या दिवशी

सकाळी मिक्सरचा फोन. "दादा, तुम्ही बिघडवलंत." त्याने जुना सेशन उघडला होता आणि किक, बेस गिटार, सगळं ८० हर्ट्झला ढम ढम वाजत होतं. मी म्हटलं, स्वीप तर काल दोघांनी मिळून बघितलेत, तू म्युझिक बसवर काय काय लावलंयस ते वाच. शांतता. मग म्हणाला, "८० ला ५ डीबी बूस्ट आहे."

असणारच. इतके महिने त्याला तिथे विहीर ऐकू येत होती, तो ती भरायचा प्रयत्न करत होता आणि भरत नव्हती, कारण बूस्ट केला की सब आणि स्पीकर दोघेही तेवढेच वाढायचे आणि तेवढेच कापले जायचे. पण फाइलमधे मात्र ते ५ डीबी जात होते. त्याने तो बूस्ट बंद करून परत वाजवला आणि मला फोनवरच ऐकवायला लागला, जणू काही फोनवरून ८० हर्ट्झ मला कळणार होते.

मग अजून एक निघालं. एलएफई फुसका वाटतो म्हणून त्याने काही इफेक्टचा तळ मुख्य चॅनलमधून काढून पूर्णच एलएफईत हलवला होता. हे स्टीरिओ डाउनमिक्समधे घात करतं, कारण तिथे साधारणपणे एलएफई टाकूनच दिला जातो, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला दार आपटलेलं दिसतं पण ऐकू येतं नुसतं टक. दार, गाडी, पावलं असलं जे गोष्टीसाठी लागतं ते मुख्य चॅनलमधे परत आणलं, एलएफईत फक्त वरचा मसाला ठेवला, आणि डाउनमिक्सचं बटण दाबून दोनदा ऐकलं.

तो ८० चा बूस्ट मात्र एका सेशनमधे नव्हता. तो टेम्प्लेटमधे होता. त्याने टेम्प्लेट दुरुस्त करून वेगळ्या नावाने सेव्ह केलं आणि जुन्या टेम्प्लेटवरून किती कामं झाली ते मोजायला बसला, मधे दोनदा मोजणं चुकलं. चौदा निघाली. त्यातली दोन अजून डिलिव्हर झाली नव्हती, ती त्याने त्याच रात्री उघडली. बाकीच्या बाराचं काय करायचं हे त्याने मला विचारलं, मी म्हटलं आधी क्यूसीच्या त्या माणसाला फोन कर, त्याच्याकडे सगळ्यांचे शेरे असतील.